तंजावूरची मराठी घरं : अनुभवाचे काही बोल

समाजशास्त्राचे विद्यार्थी तंजावूरला निघाले की आधी एकदा माझ्याकडे येऊन जातात. तिथल्या मराठी कुटुंबांत राहून, त्यांच्यात उठून-बसून मी बरंच काम केलं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथे काय काय बघायचं? बृहदीश्वराचं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल ही यादी कुणीही देईल. मला सांगावंसं वाटतं ते कुणाचं ऐकायचं आणि कसं ऐकायचं याविषयी. महाराष्ट्रातून गेलेला माणूस तिथे आपल्या इतिहासाचा हरवलेला धागा शोधत फिरतो आणि त्या नादात समोर बसलेली माणसं त्याला दिसतच नाहीत. पुढचे मुद्दे त्या माणसांसाठी आहेत.

१. मूळ गाव सगळ्यात शेवटी विचारा

व्यंकोजीराजे, म्हणजे तिकडचे एकोजी, १६७६च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर बसले. १८५५ साली कंपनी सरकारने ती गादी खालसा केली. राज्य जवळपास एकशे ऐंशी वर्षं टिकलं आणि ते जाऊनही आता तेवढीच वर्षं होत आली. पहिल्या काळावर आपल्याकडे ग्रंथ आहेत. दुसऱ्या काळात ही माणसं कशी जगली, हे मात्र कुणी विचारत नाही. गेल्या गेल्या ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ असं विचारलं की समोरचा माणूस अवघडतो. साताऱ्याकडचं एखादं गाव त्याने फक्त ऐकलेलं असतं. त्याचं शेत, शाळा, देऊळ, स्मशान सगळं कावेरीच्या काठी. ‘आम्ही तंजावूरचेच’ हे त्याचं उत्तर खरं आहे. ते तसंच वहीत उतरवून घ्यावं.

आडनावाचंही तेच. तमिळ रीतीप्रमाणे बहुतेकांच्या नावापुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लागतं. बाईचं आद्याक्षर लग्नानंतर बदलतं आणि नवऱ्याचं येतं. सरकारी याद्यांत मराठी आडनाव शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसं लागत नाही, आणि बायका तर दुप्पट वेगाने निसटतात. टिकून राहिलं ते गोत्र आणि कुलदैवत. तुळजाभवानी, खंडोबा, रेणुका घराघरांत आहेत. त्यांच्याइतक्याच भक्तीने पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला नवस बोलले जातात. ते देऊळ एकोजींनी उभारल्याची परंपरा सांगतात. या दोन्हींत कुणालाही विसंगती वाटत नाही. संशोधकालाही वाटू नये.

आता कागदावरची ओळख. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘मराठा (ब्राह्मणेतर), नामदेव मराठांसह’ अशी नोंद आहे. महाराष्ट्रात आरक्षणाच्या ज्या प्रश्नावर लाखोंचे मोर्चे निघाले, तो तिथे यादीतल्या एका ओळीत कधीच मिटलेला आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ‘मराठा असणं म्हणजे काय?’ असं विचारलं, तर तो आधी दाखल्याबद्दल बोलतो, मग आजोबांबद्दल. ही उथळपणाची खूण समजू नये. आजच्या भारतात जातीची ओळख अशीच जगली जाते, फक्त आपल्याकडे ती इतकी उघड बोलली जात नाही.

२. ‘तंजावूरचे मराठी’ असं एका दमात म्हणू नका

भोसल्यांच्या घराण्याशी सोयरीक असलेली मोहिते-घाटग्यांसारखी कुळं वेगळी. ज्यांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात ते देशस्थ ब्राह्मण वेगळे. त्यांच्यातले काही जण कारकुनी आणि महसुलाच्या कामाने एकोजींच्याही आधी दक्षिणेत उतरलेले. नामदेव शिंपी वेगळे. शेजारच्या गल्लीत रेशीम विणणारे सौराष्ट्री राहतात. त्यांची भाषा मराठीच्या नात्यातली असली तरी वेगळी आहे, पण महाराष्ट्रातून आलेले पाहुणे त्यांनाही उत्साहाने आपल्यात ओढतात, हे मी पाहिलं आहे.

तुम्ही कुणाच्या घरी उतरता यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. आंद्रे बेतेय यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याच जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला. ‘श्रीपुरम’ हे त्यांनी गावाला दिलेलं नाव, आणि १९६५ साली आलेलं ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ हे पुस्तक आजही अभ्यासक्रमात असतं. ते अग्रहारात, ब्राह्मणांच्या घरी राहिले आणि त्यामुळे दलितांच्या चेरीत त्यांना मोकळेपणाने जाता आलं नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तंजावूरला जाणाऱ्या प्रत्येकाने तो भाग आधी वाचावा. रायरांच्या घरी उतरलात तर भजन, सोवळं आणि दिवाणांच्या आठवणी ऐकाल. राजवाड्याच्या आवारात उतरलात तर वंशावळ ऐकाल. शिंप्याच्या दुकानात बसलात तर मुलाच्या नोकरीचं ऐकाल. तिन्हीकडे बसल्याशिवाय लिहू नका.

३. भिंतीवरचा वंश वाचून झाला की कोर्टाचे निकाल वाचा

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले वंशाचं चरित्र कोरून घेतलं. मजकूर बाबुराव चिटणीसांचा, लिपी देवनागरी, भाषा मराठी. चोळांच्या देवळावर, तमिळ मुलखात, दगडात कोरलेली ती मराठी बघून छाती भरून येते. यायलाच हवी. पण तो वंश आहे, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ. या राज्यातल्या बायका शोधायच्या तर दुसरे कागद उघडावे लागतात.

सुरुवातीपासून बघा. शिवाजी महाराज १६७७ साली दक्षिणेत उतरले, सावत्र भावाशी झगडा झाला आणि पुढे तह झाला. त्या तहाची जी कलमं सांगितली जातात, त्यांत बंगळूरकडचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचं कलम आहे. दोन भावांच्या भांडणात एका बाईचा हक्क स्वतंत्रपणे लिहिला गेला. पुढे १७३७-३८मध्ये सुजानबाई या विधवा राणीने खुद्द गादी सांभाळली. दरबारातल्या कारस्थानांनी तिला वर्षभरातच खाली खेचलं. त्यानंतर आलेल्या प्रतापसिंहांच्या दरबारात मुद्दुपळनी या गणिकेने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य लिहिलं. बेंगळुरू नागरत्नम्मांनी १९१० साली ते पुन्हा छापलं, तेव्हा इंग्रज सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. मराठी राजाच्या दरबारात मोकळेपणाने लिहिणारी बाई दीडशे वर्षांनी गुन्हेगार ठरली. स्त्रियांची स्थिती काळाबरोबर आपोआप सुधारत जाते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

मग छत्रं. रामेश्वरच्या वाटेवर तंजावूरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रं बांधली आणि त्यांतल्या अनेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र, समुद्राकाठचं सेतुभावा छत्र, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सखी, लवकर गेली. तिच्या नावाच्या छत्रात मुलांना फुकट शिक्षण मिळे. छत्रांच्या उत्पन्नावर कंपनीने हात घालू नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंटला जे पत्र लिहिलं, त्यात तिथे काय काय चालतं याचा तपशील आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, पोरक्या मुलांना पंतोजी, आणि गर्भार वाटसरू बायकांची बाळंतपणाआधीची व नंतरची देखभाल. ओरत्तनाडूला मी त्या जुन्या इमारतीच्या ओवरीत बराच वेळ बसले होते. दगडी खांब, रथाच्या चाकाची कोरीव नक्षी, बाहेर शाळेच्या मुलांचा गलका. रामेश्वरला निघालेली, दिवस भरत आलेली कुणी अनोळखी बाई इथे टेकली असेल, तिला कुणी तिची जात विचारण्याआधी पेज दिली असेल. स्थलांतरित स्त्रियांच्या आरोग्यावर आज आपण जे अहवाल लिहितो, त्यांचा एक फार जुना धागा या ओवरीत आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र कामाक्षीबाईंची. दुसरे शिवाजीराजे १८५५च्या ऑक्टोबरात वारले. मुलगा नाही, मागे विधवा राण्या आणि मुली. कंपनीने राज्य तर घेतलंच, पुढे फौज लावून राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणीने, कामाक्षीबाईंनी, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. कंपनी प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. १८५९ साली तिथे निकाल फिरला : राज्य ताब्यात घेणं ही सत्तेची कृती आहे, तीवर कोर्टाला बोलता येत नाही. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. तरीही राणीच्या बाजूने एवढा गवगवा झाला होता की १८६२ साली सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत केली. मग राण्यांमध्येच वाद लागला. जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या खटल्यात मद्रास हायकोर्टाने १८६८ साली सहविधवांच्या हक्कांबद्दल निर्णय दिला, आणि हिंदू विधवांच्या वारशाची चर्चा करणारे वकील पुढे कैक वर्षं त्याचा आधार घेत राहिले. पडद्याआड राहिलेल्या मराठी बायकांनी साम्राज्याला कोर्टात खेचलं आणि कायद्याच्या पुस्तकात आपली नावं सोडून गेल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांची एक ओळही नाही, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे.

४. बायकांच्या वह्या मागा, आणि त्या त्यांच्याच तोंडून वाचून घ्या

पश्चिमेकडच्या राजरस्त्याला लागून असलेल्या एका घरात एका आजींनी मला डब्यातून वही काढून दाखवली. जाड पुठ्ठ्याची, हळदीचे डाग पडलेली. अक्षरं तमिळ. मला वाटलं, तमिळ गाणी असतील. आजींनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि कानावर आली ती मराठी. हळदीची, न्हाणाची, पाळण्याची गाणी, मधेच डांगर पच्चडीचं प्रमाण, रसवांगीचा मसाला. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे वही नुसती वाचून भागत नाही. गाणं आधी कानाने माहीत असेल तरच ते पानावरून उचलता येतं. आजींच्या सुनेला माहीत होतं, नातीला निम्मंच.

शाळेत या घरातल्या मुलींना मराठी कधी मिळाली नाही. २००६च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत तमिळ सक्तीची झाली, त्याच्याही आधी मराठीची सोय अशी नव्हतीच. राजवाड्याच्या मराठीला ग्रंथालय मिळालं. या मराठीला आजींशिवाय कुणी नव्हतं. तीनशे वर्षं भाषा टिकली ती कुणामुळे, याचं उत्तर त्या हळदीच्या डागांत आहे. म्हणून मुलाखतीला गेलात आणि घरातला कर्ता पुरुष बाहेरच्या खोलीत बसवून इतिहास सांगू लागला, तर तो आदराने ऐका आणि मग स्वयंपाकघरात जाण्याची परवानगी मागा.

नात्यांचा नकाशाही तिथेच मिळतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेची मांडणी करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. तंजावूरच्या मराठी घरात हा मधला पट्टा दक्षिणेकडे कलताना दिसतो. लग्न कुणाशी चालतं, कुणाला कशी हाक मारायची, माहेर किती जवळ असतं, हे सगळं आजी बोटांवर मोजून सांगतात. लग्नं तंजावूर, कुंभकोणम्, मद्रास, बेंगळुरू अशा पसरलेल्या घरांत जुळतात. मराठी घरांचं हे जाळं बायकांनीच विणलं. त्यांनीच घर बदललं, गाव बदललं आणि भाषा सोबत नेली.

५. स्थलांतर एकाच दिशेने होत नाही

मराठी माणूस दक्षिणेत गेला, इथवरच आपली गोष्ट थांबते. कुंभकोणम्‌ला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव बघा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. नावापुढचा ‘टी’ तंजावूरचा. त्यांचेच नातलग आर. रघुनाथराव इंदूरला दिवाण होते. विधवाविवाहासाठी ते शास्त्रार्थ करत राहिले, आणि १८८७ साली मद्रासला भरलेल्या पहिल्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने उभे राहिले. स्त्रीसुधारणेचा इतिहास आपण पुणे-मुंबईपुरता लिहितो. त्यात कुंभकोणम्‌चं नाव घालायला हवं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं आहे. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावूरच्या मोहिते घराण्यातल्या मुलीशी झालं. त्या पहिल्या चिमणाबाई. माधवराव तेव्हा बडोद्याचे दिवाण होते. वधूबरोबर तंजावूरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्याला आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतली गाजलेली नावं. राणी पाच वर्षांत वारल्या, नर्तकी मात्र राहिल्या. मराठी दरबारात, गुजराती शहरात, तमिळ घराण्यांतल्या त्या बायका आपला नाच नाचत राहिल्या. पुढे त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम् शिकवत होते. ‘तंजोरकर’ हे आडनाव मराठी वळणाचं, माणसं तमिळ. स्थलांतर आणि ओळख यांवर व्याख्यान देताना मी हे आडनाव फळ्यावर लिहिते आणि वर्गाला बोलू देते. त्या बायकांना हुंड्यातल्या सामानासारखं पाठवलं गेलं, हेही वर्गात बोललं जायला हवं. कला टिकल्याच्या आनंदात ते झाकू नये.

६. तमिळ शिकून जा

यावर लांबण लावत नाही. दुभाष्या घेऊन केलेलं काम अर्धं राहतं. शिवाय मराठीचं पुष्कळसं धन आता तमिळमध्येच आहे. कामन पंडिगईच्या वेळी मदन जळला की जळला नाही यावर दोन पक्ष डफाच्या तालावर सवाल-जवाब करतात. तो प्रकार तिथे ‘लावणी’ म्हणूनच ओळखला जातो आणि शब्द संपूर्ण तमिळ असतात. तंजावूर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनकारांची साकी-दिंडी उचलून तमिळ हरिकथा घडवली. सी. सरस्वतीबाईंनी ती उभी राहून गायली, तेव्हा बाईने कथा करू नये म्हणून पुरुष भागवतर चवताळून उठले. त्या ठाम राहिल्या आणि पुढे दशकानुदशकं गायल्या. कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूरला सद्गुरू स्वामींच्या परंपरेत आजही अभंग म्हटले जातात, आणि म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी मराठी कधीच नव्हती. हे सारं समजून घ्यायचं तर तमिळ कानाला सवयीची व्हावी लागते.

७. राजवाड्याच्या भिंतीबाहेर शेत आहे

कावेरीच्या भातशेतीवर ही सगळी संस्कृती उभी राहिली. छत्रातला भात, सरस्वती महालातले ग्रंथ, दरबारातला नाच, सगळ्याचा खर्च त्या शेताने दिला. कॅथलीन गॉ या मानववंशशास्त्रज्ञ बाईने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या खेड्यांत राहून शेतमजुरांचं जगणं टिपलं आणि १९७६ साली परत येऊन काय बदललं ते पुन्हा पाहिलं. त्या दोन भेटींच्या मधल्या काळात, २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावी मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतली ४४ माणसं झोपडीत कोंडून जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. तंजावूरच्या मराठी वैभवावर लिहिणाऱ्याने हे नाव टाळलं, तर त्याचं लिखाण मी अपुरं मानते. समूहजीवनाचा अभ्यास करणाऱ्याने त्या गावापर्यंत जाऊन यावं.

८. मोडी कागद वाट बघत आहेत

सरस्वती महालात मराठीची तीन हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत. १६९०च्या सुमारास तंजावूरच्या शहाजीराजांनी लिहिलेलं ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक त्यांतलंच. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीच्या प्रयोगाआधी दीडशे वर्षांचं. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर एक भटकी कुरवंजी बाई जगाचा भूगोल सांगते. राजाने हे ज्ञान पंडिताच्या तोंडी घातलं नाही, गावोगाव फिरणाऱ्या बाईच्या तोंडी घातलं. लिंग, जात आणि भटकंती यांवर प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या मुलीने याकडे वळावं, असं मला फार वाटतं.

याशिवाय राजवाड्याच्या दप्तरातले मोडी रुमाल आहेत : पगार, औषधं, कपडे, नाचणाऱ्यांचे मुशाहिरे, दासींची खरेदी, छत्रांचा खर्च. त्यांतल्या बऱ्याच कागदांचं तमिळ भाषांतर तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ साली तीन खंडांत छापलं. के. एम. वेंकटरामय्या यांनी या मोडी कागदांच्या आधारे मराठा काळातल्या समाजजीवनावर ग्रंथ लिहिला. हे काम तमिळ अभ्यासकांनी आपलं मानून केलं, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. आता आपली पाळी आहे. महाराष्ट्रातल्या इतिहास आणि समाजशास्त्राच्या विभागांनी दर वर्षी दोन-चार विद्यार्थी, त्यांत मुली आवर्जून, मोडी आणि तमिळ शिकवून तिकडे पाठवावेत. राहण्या-खाण्याचा खर्च फार येत नाही. आणि जे जातील त्यांनी कागदांइतकाच वेळ त्या आजींच्या घरी द्यावा, कारण रुमाल जपायला ग्रंथालय आहे, पण वहीतली गाणी ज्यांना चालीवर येतात त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.